सासूबाई म्हणतात माफ केलं, आई म्हणते शिक्षा हवीच. यात धर्म किती?

वाईचा जावई:

माझं लग्न वसईतल्या कॅथलिक घरात झालं त्याला बारा वर्षं झाली. दोन्हीकडे मराठीच बोलतात. नाताळ आणि गणपतीत कुणी कुठे जायचं यापलीकडे धर्मावरून वाद झालेला नाही, तेव्हा हा प्रश्न कुणाला टोचायला विचारत नाहीये.

सासूबाई नंदाखालला एकट्या राहतात. घरामागच्या वाडीत थोडी केळी, थोडा मोगरा. नऊ वर्षं एकच गडी कामाला येतो. मागच्या महिन्यात कपाटातल्या डब्यातले फुलांचे ४,२०० रुपये गेले. तिसऱ्या दिवशी हा गडी आपणहून दारात येऊन उभा. मटक्याचा आकडा लावून हरला होता. मी म्हटलं, चला पोलिसात. सासूबाई म्हणाल्या, "मी त्याला माफ केलंय." मी गप्प बसलो. मग त्यांनी भाजीची वही काढली, त्यात त्याचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, दर शनिवारी ३०० रुपये. चौदा शनिवार. त्याची सही घेतली.

आईला फोनवर सांगितलं. आई वाईला असते, पण तिचं माहेर क्षेत्र माहुली, म्हणजे रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. त्यामुळे न्याय हा विषय माहेरून आणल्यासारखी ती बोलते. म्हणाली, "माफ करून त्या पोराचं वाटोळं करताय. इथं फेडलं नाही तर पुढच्या जन्मी व्याजासकट फेडेल. त्याच्या भल्यासाठी तरी चौकीवर न्या."

आता माझा गोंधळ. कर्म सगळं वसूल करणारच असेल तर आईला पोलीस कशाला हवेत? आणि सासूबाईंनी माफ केलं असेल तर ते ३०० रुपये कसले? मला वाटत होतं ख्रिस्ती माणूस चोराच्या आत्म्याची काळजी करेल आणि हिंदू माणूस "ज्याचं त्याच्यापाशी" म्हणून सोडून देईल. आमच्या घरात नेमकं उलटं झालंय. जाणकारांनी सांगावं.

बेंचक्लार्क (निवृत्त):

धर्माचं नंतर बघू. ३१ वर्षं फौजदारी कोर्टात काढली आहेत, म्हणून आधी कायदा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात पहिल्यांदाच चोरी सिद्ध झाली, माल पाच हजारांच्या आतला असेल आणि तो परत केला, तर समाजसेवेची शिक्षा आहे. तुमचे ४,२०० त्यात बसतात असं वाटेल. पण नोकराने मालकाची चोरी केली तर कलम वेगळं, आणि त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे. रोजावर येणारा गडी "नोकर" की नाही, यावर दोन वकील दोन तारखा सहज खातील. मिटवायचं तर त्या कलमात कोर्टाची परवानगी लागते. शिवाय १९५८ चा परिवीक्षा कायदा आहे, त्यात पहिल्या गुन्ह्याला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येतं.

एक गोष्ट लक्षात घ्या. केस उभी राहिली की फायलीवर लिहिलं जातं "महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक". तुमच्या सासूबाई त्यात फक्त साक्षीदार. पैसे त्यांचे गेले, पण गुन्हा सरकारचा झाला. माफ करायला त्या उरतच नाहीत.

आणि माफीचं फार कौतुक करू नका. "मी आरोपीस माफ केले आहे" असं साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मी कितीदा ऐकलं आहे. बोलणारा बहुतेक वेळा गरीब, आणि आरोपी गावातला मोठा. बाहेर व्हरांड्यात जीप उभी असायची. आम्ही त्याला क्षमा म्हणत नसू, फितूर साक्षीदार म्हणत असू. तुमच्याकडे मालकीण गड्याला माफ करतेय म्हणून गोड वाटतंय. गड्याने मालकिणीला माफ करायची वेळ आली असती तर विचारलं असतंत का?

तिरपागडा:

चर्चा छान. मटकेवाला माफ करणार आहे का पण? मूळचे ४,२०० त्याच्याकडे आहेत.

आगाशीची:

जावईबापू, मी पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या चर्चच्या विभागात, मुलांना धर्मशिक्षण शिकवते, म्हणून राहवलं नाही. माफी म्हणजे उधारी बुडीत खात्यात टाकणं असं आमच्यात कुणी सांगितलं? पापनिवेदनाला (म्हणजे कन्फेशनला, फादरांपुढे पाप कबूल करायला) चोर आला तर फादर पापक्षमा देतात, पण चोरलेलं परत करायची तयारी हवी. पोलिसांना ते काही सांगू शकत नाहीत, तिथलं बोलणं तिथेच गाडलं जातं. पैसे मात्र परत गेले पाहिजेत. जक्कयाची गोष्ट पोरांना फार आवडते. जकातदार, बुटका, येशूला बघायला झाडावर चढलेला. येशू त्याच्या घरी जेवायला जातो आणि तो म्हणतो, कुणाला लुबाडलं असेल तर चौपट परत करीन. चौपट! तुमच्या सासूबाईंनी तर मुद्दलच मागितलंय.

आता आमचीही दुसरी बाजू सांगते, नाहीतर कुणीतरी येऊन सांगेलच. राज्यकर्ता उगाच तलवार बाळगत नाही असं पौलाने रोमकरांना लिहिलं, आणि त्या एका ओळीवर ख्रिस्ती राजांनी शेकडो वर्षं फाशा दिल्या. व्हॅटिकनच्या स्वतःच्या कायद्यात देहदंड १९६९ पर्यंत होता. तो कधीही मान्य करता येणार नाही असं धर्मशिक्षणाच्या ग्रंथात लिहिलं गेलं ते २०१८ मध्ये, पोप फ्रान्सिस यांनी. गोव्यात १५६० ला सुरू झालेलं इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याचा खटला चालवणारं चर्चचं न्यायालय, मधली तीनचार वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. तेव्हा क्षमा आमची आणि शिक्षा तुमची, अशी वाटणी करून घ्यायची मला लाज वाटते.

पण एक घटना सांगितल्याशिवाय जाणार नाही. सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात उदयनगरला काम करायच्या. सावकारीत अडकलेल्या आदिवासींना बँकेपर्यंत न्यायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. मारणारा पकडला गेला, जन्मठेप झाली. राणी मारियांची धाकटी बहीणही धर्मभगिनीच, सिस्टर सेल्मी. ती तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. बघा, राखी! केरळच्या कॅथलिक बाईने इंदूरच्या तुरुंगात जाऊन क्षमा करायची तर कशी करायची, तिला हाच धागा मिळाला. पुढे त्याच्या सुटकेसाठी अर्ज झाला त्यावर घरच्यांची आणि चर्चची संमती होती. २००६ मध्ये तो सुटला. म्हणजे राखी बांधली तरी अकरा वर्षं तो आतच होता, आणि ती अकरा वर्षं चुकीची होती असं कुणी म्हटलं नाही. २०१७ ला इंदूरला राणी मारियांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तेव्हा आमच्या पॅरिशमधूनही माणसं गेली होती, मी त्यातली एक.

बेंचक्लार्ककाका, जीपबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण इथे क्षमा करणाऱ्यांच्या दारात जीप नव्हती.

शेवटचं. पापनिवेदनाला आमच्या मराठीत "प्रायश्चित्त संस्कार" म्हणतात आणि ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांना "प्रायश्चित्तकाळ". हा शब्द कुठून आणला ते तुमच्या आईंना विचारा.

संस्कृतवाल्या बाई:

जावयांच्या आई मनुस्मृती वाचत नसतील, पण बोलल्या तेच. आठव्या अध्यायात श्लोक आहे: "राजभिः कृतदण्डास्तु कृत्वा पापानि मानवाः । निर्मलाः स्वर्गमायान्ति सन्तः सुकृतिनो यथा ॥" पाप करून ज्यांनी राजाकडून दंड भोगला ते निर्मळ होऊन पुण्यवंतांसारखे स्वर्गाला जातात. म्हणून पोलीस हवेत. कर्म वसूल करतंच, पण राजाने आधी वसूल केलं तर वरचं खातं बंद होतं.

त्याच अध्यायात ब्राह्मणाने कितीही पाप केलं तरी त्याला मारू नये असं आहे, आणि शूद्राने वरच्याला हात उगारला तर तो हात तोडावा असंही आहे. निर्मळ व्हायची किंमत जातीप्रमाणे बदलत होती. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला तो ग्रंथ जाळला गेला तो उगाच नाही. मी अठ्ठावीस वर्षं संस्कृत शिकवलं, हा भाग कधी गाळला नाही.

पण तुमच्या वहीवरून मला आठवली ती शांतिपर्वातली शंख-लिखितांची गोष्ट. दोघे भाऊ, बाहुदा नदीकाठी वेगवेगळे आश्रम. लिखित थोरल्याकडे गेला, थोरला घरी नाही. झाडाला पिकलेली फळं होती, तोडून खात बसला. शंख आला, विचारलं, कुठली? "इथलीच." शंख म्हणाला, ही चोरी झाली, राजाकडे जा आणि चोराची शिक्षा मागून घे. भावाची फळं! लिखित गेला. सुद्युम्न राजा उठून सामोरा आला आणि म्हणाला, दंड द्यायचा अधिकार माझा, तसा सोडून द्यायचाही माझाच. लिखित ऐकेना. हात तोडले. तो तसाच भावाकडे परतला. शंख म्हणाला, मी तुझ्यावर रागावलेलो नाही, नदीत जाऊन तर्पण कर. तर्पण करायला गेला तर हात परत फुटले. मग लिखिताने विचारलं ते महत्त्वाचं: एवढं तुझं तपोबळ होतं तर तूच मला आधी शुद्ध का केलं नाहीस? शंख म्हणतो, मी तुझा दंडधर नव्हे.

म्हणजे भावाने माफ केलेलंच होतं. पण माफ करणारा आणि दंड देणारा एक नसावा, एवढंच त्याचं म्हणणं. याच पर्वात सत्यवान आपल्या बापाशी, द्युमत्सेनाशी वाद घालतो की एका दरोडेखोराला मारलंत तर त्याची बायको, आई, बाप, मुलगा हेही मारलेत. म्हणून "हिंदू दृष्टिकोन" एकवचनी विचारू नका, एकाच ग्रंथात बापलेकाचं जमत नाही.

बेंचक्लार्क (निवृत्त):

बाई, गोष्ट आवडली. पण नदीत हात उगवायची सोय आमच्या कोर्टात नव्हती. सुटून आलेल्याला कुणी कामावरही घेत नसे.

वाईचा जावई:

सगळ्यांचे आभार. लिखिताची गोष्ट आईला वाचून दाखवली. म्हणाली, "हात तोडायला मी कधी सांगितलं? मी चौकी म्हटलं." मग स्वतःच रामशास्त्र्यांवर आली. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाल्यावर राघोबादादांनी शास्त्र्यांना शिक्षा विचारली नव्हती, प्रायश्चित्त विचारलं होतं असं माहुलीत सांगतात. दादांना वाटलं दानधर्मावर भागेल. शास्त्री म्हणाले, देहान्त प्रायश्चित्त. आणि पुणं सोडलं. आगाशीच्या ताईंचा प्रायश्चित्तकाळ ऐकून आई थोडा वेळ गप्प होती. नंतर म्हणाली, "मग तुझ्या सासूबाईंनी त्याला चाळीस दिवस तरी ठेवायला हवं होतं." चौदा शनिवार म्हणजे अठ्ठ्याण्णव दिवस होतात हे मी सांगितल्यावर तिने विषय बदलला.

काका, तुमचा प्रश्न मी बायकोला विचारला. गड्याने मालकिणीला माफ करायची वेळ आली असती तर. ती म्हणाली, नऊ वर्षांत त्याची रोजंदारी किती वेळा वाढवली ते आधी माझ्या आईला विचार. विचारलं. दोनदा. वहीत तेही आता लिहिलंय, पुढच्या महिन्यापासून पन्नास रुपये जास्त.

पहिल्या शनिवारी तो ३०० घेऊन आला. सासूबाईंनी मोजून घेतले, सही घेतली, चहा दिला आणि जाताना केळ्यांची फणी हातात ठेवली. या शनिवारी २५० च आणले. वहीत २५० लिहिलेत आणि बाजूला, पन्नास बाकी. आईला हे कळलं तर व्याज लावलं का विचारेल, म्हणून अजून सांगितलेलं नाही.