कोथरूड ते हिंजवडी, व्हाया हाँगकाँग?

पेठेतला पॅकेट:
कालपासून एक स्क्रीनशॉट फिरतोय. कोथरूडातून हिंजवडीच्या सर्व्हरला मारलेला ट्रेसराउट (पॅकेट वाटेत कुठल्या राउटरांतून जातं ती यादी), सातव्या हॉपपुढे (टप्प्यापुढे) हाँगकाँगचा झेंडा आणि खाली मजकूर : ‘पुणेकरांचा डेटा चीनमध्ये वाचला जातोय, आजच व्हीपीएन घ्या.’

अहो, त्याच ओळीत ९ मिलिसेकंद लिहिलंय, ते कुणी वाचायचं? फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते हाँगकाँग सरळ रेषेतच चार हजारांच्या वर. जाऊन-येऊन ४० मिलिसेकंदांच्या आत ते कुणाच्या तीर्थरूपांनाही जमणार नाही. राउटर मुंबईतच असणार. त्याचा आयपी ज्या ब्लॉकमधला (आयपींच्या गठ्ठ्यातला), तो ब्लॉक हाँगकाँगच्या पत्त्यावर नोंदलेला, आणि जिओलोकेशनवाले (आयपीवरून ठिकाण सांगणारे) तोच पत्ता छापतात. उलट व्हीपीएनचा एक्झिट सिंगापूरचा निवडलात, तर डेटा खरोखर देशाबाहेर जाईल. आणि समजा गेलाच, तरी टीएलएस आहे, म्हणजे डेटा एन्क्रिप्ट होऊनच जातो. वाचणार काय, कप्पाळ?

मुठेकाठचा:
९ मिलिसेकंदांचा हिशेब मान्य. शेवटच्या ओळीला मात्र हात जोडले. ‘टीएलएस आहे, झोपा’ हा सल्ला त्या स्क्रीनशॉटपेक्षा घातक आहे.

ट्रॅफिक पळवणाऱ्याला, म्हणजे तुमच्या आयपीची वाट (राउट) खोटं सांगून स्वतःकडे वळवणाऱ्याला, तुमचं एन्क्रिप्शन फोडायचंच नसतं. त्याला सर्टिफिकेट हवं असतं, ‘ही साइट अस्सल’ असं ब्राउझरला पटवणारं. डोमेन तुमचं आहे हे सर्टिफिकेटवाले तपासतात कसं? तुमच्या आयपीवर जाऊन फाइल वाचतात. तो आयपी तासाभरासाठी माझ्याकडे वळवला की फाइल मी ठेवणार आणि अस्सल सर्टिफिकेट मला मिळणार. फेब्रुवारी २०२२ मध्ये कोरियातल्या क्लेस्वॅप या क्रिप्टो-साइटच्या ग्राहकांचे पैसे असेच गेले. ती साइट जिथून जावास्क्रिप्ट घ्यायची त्या काकाओ कंपनीच्या सर्व्हरचा राउट पळवला, सर्टिफिकेट काढलं आणि बदललेली जावास्क्रिप्ट वाढली. ब्राउझरमध्ये कुलूप जसंच्या तसं!

पेठेतला पॅकेट:
कोरियाचं एक उदाहरण आणि लगेच आभाळ कोसळलं. २००८ साली पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबचा /२४ (२५६ आयपींचा ब्लॉक) स्वतःचा म्हणून जाहीर केला, तो स्वतःच्या देशात बंदी घालताना झालेला घोळ. एप्रिल २०२१ मध्ये आपल्याच व्होडाफोन आयडियाकडून तीस हजारांवर प्रिफिक्स (आयपींचे ब्लॉक) चुकून जाहीर झाले, तोही घोळच. परदेशी हेर कमी, अर्धवट फिल्टर जास्त. शिवाय मल्टी-पर्स्पेक्टिव्ह तपासणी आहे की. सर्टिफिकेट देणारं लेट्स एन्क्रिप्ट २०२० पासून वेगवेगळ्या जागांवरून पडताळतं.

मुठेकाठचा:
घोळ घालणाऱ्याला ज्या दारातून जाता येतं, त्यातून चोरालाही येतं. आणि त्या तपासणीवर एवढं विसंबू नका. ती कामी येते राउट जगाच्या एका कोपऱ्यातच वळला असेल तेव्हा. तुम्ही /२२ (चार /२४ एवढा ब्लॉक) जाहीर करता, मी त्यातला /२४ केला, तर जास्त नेमका राउट सगळीकडे जिंकतो. सगळ्या खिडक्यांतून माझंच घर दिसणार.

रोआ_काका:
आता मुद्द्याचं बोललात. स्वतःचा ब्लॉक मिरवणाऱ्या कंपन्यांचे आरओए (हा ब्लॉक कोणी जाहीर करायचा याची सही केलेली नोंद) उघडून बघा. जाहीर करतात /२२, आणि मॅक्सलेंग्थ (किती बारीक तुकडा चालेल ती मर्यादा) टाकतात २४, ‘पुढेमागे लागेल’ म्हणून. मग हल्लेखोराने /२४ जाहीर करताना पाथच्या शेवटी तुमचा एएस क्रमांक (नेटवर्कचा ओळख क्रमांक) चिकटवला की आरपीकेआय (आरओएवरून राउट तपासणारी यंत्रणा) त्याला ‘व्हॅलिड’ म्हणतं. पैसे देऊन बसवलेल्या कुलपाची किल्ली पायपुसण्याखाली! मॅक्सलेंग्थ २२ ठेवा, तोच /२४ ‘इनव्हॅलिड’ होतो.

डेक्कन_डीडॉस:
आणि डीडॉस (खोट्या ट्रॅफिकचा पूर) आला की? स्क्रबिंगवाल्याला (तो पूर गाळणाऱ्याला) /२४ जाहीर करू द्यावा लागतो. ऐन हल्ल्यात पोर्टल उघडून आरओए काढायचा? तो सगळीकडे पोचायला वेळ लागतो, तोवर साइट झोपली. काकांना घरी बसून सांगायला काय जातंय.

रोआ_काका:
मग चारही /२४ रोजच जाहीर करा आणि तेवढेच आरओए ठेवा. /२४ पेक्षा बारीक राउट बहुतेक नेटवर्कं घेतच नाहीत, त्यामुळे चोराला नेमकेपणाने जिंकता येत नाही. पाथच्या लांबीवर भांडावं लागतं, जवळपासचे काही त्याच्याकडे वळतीलच. ते एएसपीए (पाथही तपासणारी यंत्रणा) सगळीकडे आल्याशिवाय बंद होणार नाही. माझ्या उपायात भोक आहे, आधीच सांगतो.

पॅकेटमास्तर:
मूळ ट्रेसराउटवर कुणी नीट बोलणार का? ९ मिलिसेकंद ही वेळ *त्या हॉपची*. त्यावरून हिंजवडीच्या सर्व्हरची परतीची वाट कळत नाही. ती सिंगापूरमार्गे असू शकते, ट्रेसराउट फक्त जातानाची बाजू दाखवतो. शेवटच्या ओळीतली वेळ बघा. ती ७० आली, तर पॅकेट कुठेतरी हिंडून आलं किंवा वाटेत गर्दी होती. दिवसातून चारदा, दर वेळी १०० पॅकेट, एमटीआर (पुन्हापुन्हा ट्रेसराउट मारणारं साधन) टीसीपी मोडमध्ये पोर्ट ४४३ वर (वेबसाइटच्या ट्रॅफिकसारखं), आणि किमान आकडा धरा, सरासरी नव्हे. मधल्याच एका हॉपला १८० दिसले आणि पुढे ८, तर तो राउटर उत्तर द्यायला आळशी आहे. त्यावर बोंबा मारू नका.

सिंहगड_रोड_लिंक:
सदाशिव पेठेतून शनिवारवाड्याला सासवडमार्गे जायचं, तशी ही परतीची वाट. कारण साधं : दोन आयएसपी मुंबईत पिअरिंग (थेट देवाणघेवाण) करत नाहीत, एकमेकांना पैसे मागतात, आणि दोघांचे अपस्ट्रीम (वरचे पुरवठादार) भेटतात सिंगापुरात. हेरगिरी नाही, हिशेबाची भांडणं. निक्सी, देशातल्या देशात ट्रॅफिक बदलायची जागा, काय शोभेला आहे?

पॅकेटमास्तर:
निक्सीवर पोर्ट घेतला म्हणजे सगळे राउट दिले असं होत नाही. लोक तिथे निम्मेच प्रिफिक्स टाकतात.

सिंहगड_रोड_लिंक:
तेच म्हणतोय मी! वाचायचे कष्ट घ्या.

पेठेतला पॅकेट:
बरं. ‘टीएलएस आहे, झोपा’ मागे घेतो, आरडाओरडा थांबवा. सीएए रेकॉर्डमध्ये (सर्टिफिकेट कोणी द्यायचं ती डीएनएसमधली नोंद) अकाउंटयूआरआय (खात्याचा पत्ता) टाकला की सर्टिफिकेट ठरलेल्या खात्यालाच मिळतं, एवढं पुरेल ना?

मुठेकाठचा:
डीएनएस सर्व्हर (डोमेनचा आयपी आणि अशा नोंदी सांगणारा) त्याच प्रिफिक्समध्ये असेल तर नाही. राउट पळवणारा सीएएचं उत्तरही स्वतःच देईल. एक डीएनएस दुसऱ्या नेटवर्कवर हलवा आणि डीएनएसएसईसी (डीएनएसच्या उत्तरांवर सही) चालू करा.

रोआ_काका:
आणि आरओएच्या पोर्टलला टू-फॅक्टर. जानेवारी २०२४ मध्ये ऑरेंज स्पेन या टेलिकॉम कंपनीच्या राइप (युरोपात आयपी वाटणारी संस्था) खात्याचा पासवर्ड होता ‘राइपअ‍ॅडमिन’. चोराने चुकीचे आरओए काढले आणि त्यांचे स्वतःचेच राउट इनव्हॅलिड ठरले.

डेक्कन_डीडॉस:
चार /२४ चं पटलं. ‘घरी बसून’ मात्र कायम.

पॅकेटमास्तर:
एमटीआर लावलं का कुणी?