अनुभव धागा: ऐकून पाठ झालेले संगीत नाटक पडद्यावर पाहताना

ठाण्यात गडकरी रंगायतनात किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात बसून ज्यांनी नाट्यपदे ऐकली आहेत, त्यांनी तेच नाटक चित्रपटरूपात पाहताना काय अनुभवले, ते येथे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. चित्रपट चांगला की वाईट, असा निकाल नको; कोणत्या पदाचे आणि कोणत्या प्रसंगाचे पडद्यावर काय झाले, ते सांगावे. सुरुवात मी करतो.

नौपाडा, ठाणे
पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ साली रंगमंचावर आले. माझ्या वडिलांनी त्यात वसंतराव देशपांडे यांनी रंगवलेले गवई खाँसाहेब प्रत्यक्ष पाहिले होते आणि घरात त्या पदांची ध्वनिफीत इतकी वाजत असे की गाण्यातल्या हरकतीसुद्धा आम्हा भावंडांना पाठ होत्या. २०१५ च्या दिवाळीत सुबोध भावे यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट आला, तेव्हा आम्ही सगळे मिळून गेलो. मला सर्वांत जास्त जाणवले ते गळा आणि चेहरा यांचे वेगळे होणे. वसंतराव स्वतः गात आणि स्वतःच खाँसाहेब असत, त्यामुळे तानेला लागणारा दम हाच त्या पात्राच्या अहंकाराचाही दम होता. चित्रपटात खाँसाहेब सचिन पिळगांवकर यांनी साकारले आहेत आणि त्यांना आवाज वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा आहे. पंडितजींचा शिष्य सदाशिव सुबोध भावे आहेत, तर त्याचे गाणे महेश काळे यांचे आहे. खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी गवई असलेल्या पंडितजींच्या भूमिकेतले शंकर महादेवन मात्र स्वतःच गातात, आणि त्यांच्या प्रसंगांत मी सर्वाधिक रमलो. तरीही कॅमेऱ्याने जे दिले, ते मागच्या रांगेतून मला कधीच दिसले नसते: दुसऱ्याचे गाणे ऐकताना खाँसाहेबांच्या डोळ्यांत आधी दाद उमटते आणि लगेच तिच्यावर मत्सर चढतो. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन गवयांच्या दोन ढंगांत बांधण्याची नाटकाचे संगीतकार जितेंद्र अभिषेकी यांची कल्पना चित्रपटाने जपली, याचे मला मनापासून समाधान आहे, कारण दोन घराण्यांतला सगळा संघर्ष त्या दोन चालींतच मांडलेला आहे.

ऐरोली
माझा क्रम उलटा आहे. मी आधी ‘कट्यार’ चित्रपट पाहिला आणि त्यानंतर नाटकाचा प्रयोग. चित्रपटाचे संगीतकार शंकर-एहसान-लॉय यांचे ‘सूर निरागस हो’ ऐकूनच मी या संगीताकडे वळले, त्यामुळे नाटकात ते नाही हे कळल्यावर मला चुकल्यासारखे झाले. अर्थात, पहिल्या पदाला समोरून थेट आवाज आला, तेव्हा ती रुखरुख राहिली नाही.

वाशी
मी हौशी संस्थांच्या प्रयोगांना तबल्याची साथ करतो, म्हणून वरच्या पहिल्या अनुभवाला माझ्या बाजूने थोडी पुस्ती जोडतो. रंगमंचावर पद किती वेळ चालेल हे कुणीच आधी ठरवलेले नसते. गायक नट समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आला, प्रेक्षकांतून ‘वन्स मोअर’ आला, की ऑर्गनवाला आणि मी एकमेकांकडे पाहतो आणि पद पुन्हा मुखड्यापासून उचलले जाते. कथा तेवढा वेळ थांबते आणि त्याचे कुणालाही वाईट वाटत नाही. चित्रपटात कथेला असे थांबता येत नाही. ‘सुरत पिया की’ पडद्यावर ऐकताना माझी बोटे खुर्चीच्या हातावर चालत होती, आणि आता गायक आणखी एक आवर्तन (तालाचा फेरा) घेईल असे वाटत असतानाच दृश्य बदलले. गाणे अपुरे नव्हते, उत्तमच होते. त्याची लांबी आधीच कापून ठेवलेली होती, एवढेच. मात्र महेश काळे यांना याच चित्रपटातल्या ‘अरुणि किरणी’साठी पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यानंतर आमच्या तालमींना तरुण मुले येऊन बसू लागली, हेही मी पाहिले आहे.

कळवा
माझा अनुभव ‘संगीत मानापमान’चा आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे हे नाटक १९११ चे, गोविंदराव टेंबे यांच्या चालींचे, आणि बालगंधर्वांनी रंगवलेल्या नायिकेमुळे, भामिनीमुळे, माझ्या आईच्या पिढीपर्यंत घरोघरी पोहोचलेले. जानेवारी २०२५ मध्ये चित्रपट आला, तेव्हा आईला घेऊन गेले. ध्वनी फार मोठा ठेवला होता आणि सुरुवातीला त्याचा तिला त्रास झाला. युद्धाचे, राजवाड्याचे भव्य देखावे तिने कौतुकाने पाहिले, पण ती वाट पाहत होती ती ओळखीच्या पदांची. शास्त्रीय अंगाने सजवलेल्या एखाद्या पदानंतर नव्या वाद्यमेळाचे गाणे आले की ती अस्वस्थ होत असे. माझे मत तिच्यापेक्षा वेगळे आहे: नायक धैर्यधराची गरिबी आणि भामिनीचा तोरा आजच्या मुलांना कळायचा असेल, तर वेगवान मांडणी आवश्यकच होती. परतताना रिक्षात आम्ही यावर कळव्यापर्यंत वाद घातला, आणि तिने ‘नाही मी बोलत नाथा’ची मूळ चाल मला गाऊन दाखवली.