टेम्प्टेशन्स: नॉर्मन व्हिटफील्डने नेमकं काय बदललं?

खर्ज:
१९६४ च्या अखेरीस आलेलं 'माय गर्ल' आणि १९७२ चं 'पापा वॉज अ रोलिंग स्टोन' लागोपाठ लावलं तर गाणारा गट एकच, टेम्प्टेशन्स (पाच अमेरिकन सोल गायक), आहे हे पटत नाही. पायपट्टीने 'वाह-वाह' असा सूर काढणारी गिटार आली, गाणी लांबली, एवढं कानाला कळतं. पण निर्माता व्हिटफील्डने रचनेत काय बदललं? पाच आवाजांसाठी गाणं बसवताना त्यातलं काय उचलता येईल?

लेहरा:
कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बघा. 'माय गर्ल' सी आणि एफवर झुलतं, नंतर अख्खं गाणं सीवरून डीवर चढतं. मुख्य गायक रफिन पुढे, बाकी चौघे मागे. 'पापा' मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत बी फ्लॅट मायनरवर, दुसरी कॉर्डच नाही. मग नवी ओळ नवी का वाटते? गळा बदलतो म्हणून. एडवर्ड्सचा खरखरीत आवाज, फ्रँकलिनचा खर्ज, वर डेमन हॅरिसचा फॉल्सेटो (पुरुषाचा बारीक, उंच आवाज). कॉर्डचं काम व्हिटफील्डने गायकांकडे दिलं. ही वाटणी १९६८ च्या 'क्लाउड नाइन'पासूनची; तिथे स्लाय अँड द फॅमिली स्टोन या फंक बँडचा प्रभाव उघड आहे.

बसवताना जवळच्या जातीचे दोन आवाज लागोपाठच्या ओळींना ठेवू नका. कॉर्डही तीच आणि आवाजही तसाच, मग गाणं जागीच थिजतं. आणि बास गिटारच्या मोजक्या सुरांनंतरची मोकळी जागा भरायचा मोह आवरा. हाय-हॅट (ड्रमची जोडझांज) तेवढा चालू राहू दे. ती जागा गेली की गायकाला शिरायला वाव उरत नाही.

काळी_दोन:
सुरुवात १९६८ ची नाही हो, १९६६ ची. 'एन्ट टू प्राउड टू बेग'ची पट्टी व्हिटफील्डने रफिनच्या सोयीपेक्षा मुद्दाम वर ठेवली. त्या गाण्यातली आर्जवाची धार ताणलेल्या गळ्याची आहे. तोवर गटाची गाणी करणाऱ्या स्मोकी रॉबिन्सनचं 'गेट रेडी' अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या पॉप यादीत २९ वर थांबलं, हे १३ वर गेलं आणि गट व्हिटफील्डच्या हाती आला. मात्र पट्टी अर्ध्या-एक सुरानेच चढवा; त्याहून वर गेलात तर धार जाऊन नुसता आरडाओरडा राहतो.

लेहरा:
बरोबर, तो टप्पा माझ्याकडून सुटला.

मंद्र:
या पद्धतीत गायक मागे पडतात, हेही लिहायला हवं. 'पापा'च्या अल्बममधल्या पावणेबारा मिनिटांत पहिला शब्द यायला जवळपास चार मिनिटं लागतात. १९७३ च्या 'मास्टरपीस'च्या शीर्षकगीतात तर जवळजवळ १४ मिनिटांतला थोडाच भाग गटाच्या वाट्याला आला. गायक नाराज होते आणि 'नाइन्टीन नाइन्टी' या अल्बमनंतर व्हिटफील्ड बाजूला झाला. त्याला हळवं गाणं जमत नव्हतं असं मुळीच नाही: १९७१ चं 'जस्ट माय इमॅजिनेशन' त्याचंच, एडी केंड्रिक्सच्या आवाजात.

खर्ज:
'पापा'चा अभ्यास सिंगलवरून करू की अल्बमवरून?

मंद्र:
अल्बमवरून. नंतर सिंगलची मागची बाजू, म्हणजे गायन वगळलेलं वाद्यरूप लावा. पॉल रायझरने बसवलेली तंतुवाद्यं, प्रतिध्वनीतला ट्रम्पेट, टाळ्या कुठे येतात ते मांडून ठेवा आणि मग त्यावर पाच गळे कुठे बसतात ते शोधा.