स्पेनहून आणलेली चाकोली दोन वर्षं जपली, आता उघडली तर काहीतरी भलतंच

कांदेपोहे_८७

मंडळी, वाईनमधलं मला फारसं कळत नाही हे आधीच सांगते, हसू नका.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये स्पेनला गेलो होतो, त्यात दोन दिवस सान सेबास्तियान. पाऊस असा की जुलैतलं महाबळेश्वर परवडलं, भिजून चिंब होऊन एका बारमध्ये घुसलो. काउंटरभर छोट्या छोट्या पिंचोसची (काडीला टोचलेले खायचे घास) ताटं मांडलेली, शेजारचा आजोबा काहीतरी पांढरं पीत होता, नवऱ्याने बोट दाखवून तेच मागितलं. बारवाल्याने बाटली पार डोक्याच्या वर नेली आणि वरून बारीक धार सोडली, आपला टपरीवाला चहा वरखाली करतो ना तशी, आणि तीसुद्धा साध्या रुंद पाण्याच्या ग्लासात, दोनच बोटं. काय सांगू! कैरीची फोड चावल्यासारखी आंबट, जिभेला मुंग्या आणि मागून जराशी खारट. नाव चाकोली. स्पेलिंग टी-एक्सने सुरू होतं त्यामुळे पहिला दिवस आम्ही "टक्साकोली" म्हणत होतो आणि कोणाला कळत नव्हतं.

येताना दोन बाटल्या आणल्या. एक दिरांना दिली, दुसरी लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला उघडू म्हणून कपाटात कपड्यांमागे ठेवली (पुण्यात, तिसरा मजला). वाईन जुनी होईल तशी चांगली होते ना? मागच्या रविवारी उघडली. फसफस नाही, रंग पिवळट, चव उतरलेल्या सफरचंदासारखी. नवरा म्हणतो तेव्हा भूक लागली होती म्हणून आवडली, चव आधीपासून अशीच असणार. दुकानात फसवलं का? की बिघडली? आणि अशी काही इकडे मिळते का?

बिल्बावकर

फसवलं कोणी नाही हो ताई, तुम्ही नीरा कपाटात ठेवलीत.

खरंच तसंच आहे. चाकोली त्या वर्षीची त्या वर्षी प्यायची. सप्टेंबर-ऑक्टोबरला द्राक्षं तोडतात, सान सेबास्तियानजवळच्या गेतारिया गावात १७ जानेवारीला सान आंतोनच्या दिवशी नव्या वर्षाची चाकोली पहिल्यांदा चाखतात, मग उन्हाळ्यापर्यंत लोक ती संपवायच्या मागे. तो मुंग्यांचा प्रकार म्हणजे आंबवतानाच तयार झालेला थोडासा वायू, तो मुद्दाम टाकीत राखतात. उंचावरून ओततात ते नुसतं नाटक नाही, ग्लासावर आपटून तो वायू जागा होतो आणि वास वर येतो. अल्कोहोल ११ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे टिकवायला त्याचीही फारशी मदत नाही. त्यात तुमचं पुण्याचं एप्रिल-मे, दोन वेळा. फ्रिजमध्ये तरी ठेवायची!

तुमचे मिस्टर चूक आहेत हे त्यांना सांगा.

द्राक्षबाग_तासगाव

मी पीत नाही पण एक प्रश्न पडलाय. ऑक्टोबरात तिथं एवढा पाऊस म्हणता, आणि तेव्हाच तोडणी? आमच्याकडं ऑक्टोबर छाटणीनंतर दोन दिवस अवकाळी पडला की दावण्या रोग येतोय, घड कुजतोय, रात्री बॅटरी लावून फवारणी करायला लागतीय. ह्या लोकांची बाग टिकते कशी?

बिल्बावकर

दादा, सगळ्यात चांगला प्रश्न तुमचा. गेतारियाकडे वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आहे, आणि त्यांचाही मोठा शत्रू तोच, दावण्या आणि भुरी. उपाय तुमच्या ओळखीचा निघेल: मांडव! तिथे जुन्या बागा माणसाच्या उंचीच्या मांडवावर असतात, पानं वर, घड खाली लोंबतात, खालून समुद्राचा वारा खेळतो आणि ओल सुकते. डोंगराच्या ज्या उताराला ऊन मिळतं तिथेच लावतात, अगदी खाली बिस्केचा समुद्र दिसतो. फवारणी चुकत नाहीच. आणि ढगांमुळे द्राक्षात साखर फार चढत नाही, आंबटपणा राहतो. तुमच्याकडे बेदाण्याला जी गोडी लागते ती तिथे मिळणारच नाही, पण ह्या वाईनला ती नकोच असते.

पांढऱ्या जातीचं नाव ओन्दाराबी सुरी. तिथल्या बास्क भाषेत सुरी म्हणजे पांढरा, आपल्या सुरीशी काही संबंध नाही.

एकेकाळी हे सगळं संपत आलं होतं. शेतकरी घरापुरती काढायचे, बाहेर कोणी विचारत नव्हतं. १९८९ मध्ये गेतारियाला स्वतःचं अधिकृत मानांकन मिळालं, १९९४ मध्ये बिल्बावच्या बिस्काया प्रांताला, २००१ मध्ये शेजारच्या आलावा प्रांताला. आता न्यूयॉर्कलाही जाते म्हणे.

खडूस_काका

नवऱ्याची बाजू कोणीच घेत नाही म्हणून मी घेतो. भिजलेलो असताना, बायको खूश असताना, समोर मासे असताना काहीही चांगलं लागतं. दिवेआगरला प्यायलेली ताडी दादरला आणून बघा.

मांदेली_फ्राय

काका, ताडीचं उदाहरण देऊन तुम्ही बिल्बावकरांचाच मुद्दा सिद्ध केलात 😄

एक दुरुस्ती मात्र. सगळ्याच चाकोली वर्षात मरत नाहीत. बिस्कायाकडे काही जण तळाशी बसलेल्या यीस्टच्या गाळावर जास्त काळ ठेवून, कमी फसफसणारी, भरदार बनवतात, ती दोन-चार वर्षं व्यवस्थित जाते. पण तुम्हाला मुंग्यावाली आवडलीये, तर ती ताजीच.

इकडे चाकोली मला दुकानात कधी दिसली नाही. नाशिकची सोविन्यों ब्लां (पांढरी वाईन) एकदम गार करून प्या, त्यातल्या त्यात जवळची. पण तीच धार येणार नाही, कारण नाशिकला द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये पिकतात, वर कोरडं ऊन, साखर झपाट्याने चढते. बाहेरून कोणी येत असेल तर पोर्तुगालची विन्यो व्हेर्द मागवा, ती पण हलकी, आंबट, किंचित फसफसणारी, सख्खी नाही पण चुलत बहीण आहे. स्पेनचीच हवी तर रियास बायशासची आल्बारिन्यो, फसफस नाही पण समुद्र आहे.

आणि खायचं काय ते कोणी विचारलंच नाही! तिकडे हिल्दा नावाचा पिंचो असतो, काडीला ऑलिव्ह, हिरवी मिरची आणि खारवलेला अँकोव्ही. आपली मांदेली अँकोव्हीच्याच घराण्यातली. रवा लावून कुरकुरीत तळा, लिंबू पिळू नका, लिंबाचं काम वाईन करते. तिखट कालवणाबरोबर मात्र अजिबात नको, आंबट आणि मिरची मिळून जीभ पेटते. स्वानुभव.

बिल्बावकर

हिल्दाला +१. आणि परत गेलात तर सान सेबास्तियानहून गेतारियाला बस आहे, पंचवीसेक किलोमीटर. बंदरावर कोळशावर अख्खा मासा भाजून देतात. १५२२ मध्ये मागेलानच्या मोहिमेचं शेवटचं जहाज, अठरा माणसं आणि लवंगा घेऊन, स्पेनला परत आणणारा एल्कानो ह्याच गावचा.

कांदेपोहे_८७

सगळ्यांचे आभार. नवऱ्याला धागा वाचायला दिला, तो फक्त खडूस काकांचा प्रतिसाद मोठ्याने वाचतोय.

उरलेली बाटली ओतून द्यायला जीव होईना. काल तिसऱ्या (शिंपल्या) आणल्या, लसूण आणि कोथिंबीर तेलात परतून त्यात ती अर्धी बाटली ओतली आणि झाकण ठेवलं. सासूबाईंनी दोनदा रस्सा घेतला आणि विचारलं कोकम घातलंस का आमसुलं. मी म्हटलं कोकम. म्हणाल्या, कुठलं, पुढच्या वेळी तेच आण.