1994 आधीचं लग्न आणि सातबारा

'आत्याचं लग्न 1988 चं, म्हणून तिला वडिलोपार्जित जमिनीत वाटा नाही' असं बरेचदा सांगितलं जातं. 1994 आधी लग्न झालेल्या मुलीला वाटा नाही ही अट हिंदू वारसा कायद्याच्या 1994 च्या महाराष्ट्र दुरुस्तीतली. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच सहदायाद, म्हणजे मुलासारखीच वडिलोपार्जित मालमत्तेची हिस्सेदार. लग्नाचं साल बघायचंच नाही. त्या दिवशी वडील हयात असायला हवेत असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. 20 डिसेंबर 2004 पूर्वीची विक्री किंवा रीतसर वाटप मात्र उकरता येत नाही.

आजीचं वेगळं. विधवेला पूर्वी हयातीपुरताच हक्क होता. 1956 च्या मूळ हिंदू वारसा कायद्यातल्या कलम 14 ने ताब्यातली जमीन तिच्या पूर्ण मालकीची झाली.

खरी मेख सातबाऱ्यात. बहिणींची नावं भोगवटादाराच्या (जमीनधारकाच्या) रकान्यात न लावता 'इतर हक्कात' ढकलतात. फेरफाराची (सातबाऱ्यावरच्या नोंदीतल्या बदलाची) नोटीस सासरच्या पत्त्यावर पोचतच नाही, हरकतीचे 15 दिवस निघून जातात. तरी प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) अपील करता येतं, आणि नुसत्या नोंदीने मालकी जात नाही. भाऊबीजेच्या ताटाशेजारी सहीसाठी कागद आला तर आधी मथळा वाचा. नोंदवलेलं हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा दस्त, सहजासहजी फिरवता येत नाही.