उत्तर: उत्तर: नानांच्या गाळ्याचं (शुक्रवारच्या आत हवंय)

बेबीताई, मंगळवार रात्री
मंडळी, मागच्याच मेलचं पुढे. नाना, टिफिनवाल्यांनी सोडलेला तुमचा गाळा अजून रिकामाच आहे ना? पाडव्याला बॅनक (त्यांची जाड रोटी) आणि बेरी सूप घेऊन आलेल्या त्या क्री बाई, इथल्या कॅनडातल्या मूळच्या लोकांपैकी, त्यांनाच हवाय. शनिवारच्या बाजारातलं टेबल आता पुरत नाही आणि चर्चचं किचन आठवड्यातून दोनच दिवस मिळतं. अडलंय ते इथे: त्यांचा अर्ज सास्काचेवन इंडियन इक्विटी फाउंडेशनकडे आहे, म्हणजे त्यांच्या लोकांना धंद्यासाठी कर्ज देणाऱ्या संस्थेकडे. तिथे म्हणतात, जागेचं काहीतरी कागदावर आणा, मग फाइल पुढे नेऊ. नाना म्हणतात, कर्ज मंजूर झाल्याचं पत्र आणा, मग लीज. शुक्रवारी बाईंची तिथे भेट आहे. यातून कोणी गेलंय का?

नाना
बेबी, एक फोन केला असतास तरी चाललं असतं, सगळ्या लिस्टवर माझं नाव कशाला? मी नाही म्हटलेलं नाही. पण मागचा भाडेकरू रात्रीतून पसार झाला आणि ग्रीस ट्रॅप (सांडपाण्यातलं तेल अडवणारी टाकी) तुंबलेला ठेवून गेला. रबरी बूट घालून तो मीच उपसलाय, आठवडाभर गाडीला वास येत होता. म्हणून पहिल्या-शेवटच्या महिन्याचं भाडं आणि घराचं तारण, एवढंच मागतोय. बाईंचं रिझर्व्हवर, म्हणजे त्यांच्या लोकांसाठी राखलेल्या जमिनीवर, घर आहे ना?

अण्णा, सदरलंड (सास्काटून)
घर विसरा, नाना. इंडियन ॲक्टचं कलम ८९. रिझर्व्हवरची त्यांची मालमत्ता आपल्यासारख्यांकडे तारण ठेवताच येत नाही. बँका तिथेच हात आखडतात, म्हणून तर १९८० नंतर या वेगळ्या कर्जसंस्था निघाल्या. आज देशभरात पन्नासच्या वर आहेत. पण तुमचा गाळा रिझर्व्हबाहेर, शहरात. तिथे बसवलेला ओव्हन तारण म्हणून चालतो. तेव्हा संस्था तुमच्याकडून पत्र मागेल की भाडं थकलं तरी ओव्हनवर तुम्ही हक्क सांगणार नाही.

नाना
म्हणजे भाडं थकलं तर मी ओव्हनकडे नुसता बघत बसायचं?

बंडू
इंडियन ॲक्ट म्हणजे आपल्यालाही लागू का? सासऱ्यांच्या व्हिसाचं विचारतोय.

अण्णा
नाही रे बाबा. तो १८७६ चा कायदा आहे, त्यातले इंडियन म्हणजे इथले मूळचे लोक.
नाना, रिझर्व्हवरचं सगळंच अडतं असंही नाही. आमच्या घराजवळ मस्केग लेक या क्री समाजाचं शहरी रिझर्व्ह आहे, १९८८ चं. तिथली जमीन भाड्याने देण्यासाठी म्हणून वेगळी काढलेली आहे, त्यामुळे तिथली लीज तारण ठेवता येते. बाईंनी तिथे का नाही बघितलं?

बेबीताई
बघितलं. ऑफिसं हवी तेवढी, पण एक्झॉस्ट हूड (चुलीवरचा धूर ओढणारा) असलेली जागा नाही. नवा हूड बसवायचा तर तेवढ्यात नानांचं वर्षाचं भाडं निघेल.

खजिनदार
सर्वांच्या माहितीसाठी: मंडळाच्या खात्यातून कर्ज किंवा जामीन देता येणार नाही. गेल्या वार्षिक सभेत हे ठरलं आहे.

बेबीताई
मागितलं कोणी?

माई
आम्ही नवे आलो तेव्हा मला शिवणयंत्रासाठी बँकेने दारात उभं केलं नव्हतं. आम्ही आठ जणी भिशी लावायचो. पहिला नंबर माझा नव्हता, पण जिचा होता तिने तो मला दिला. यंत्र अजून तळघरात आहे, बॉबिनची झाकणी तेवढी मोडलीय. कुणाकडे जुन्या सिंगरची असेल तर सांगा.

शैलावहिनी
माई, झाकणी माझ्याकडे आहे, रविवारी आणते.
बेबीताई, मी असे दोन अर्ज भरून दिलेत, म्हणून लिहिते. बाईंनी लीजवर सही करायची नाही आणि डिपॉझिटही द्यायचं नाही. आदिवासी उद्योजकांसाठी परत न करण्याचं अनुदान असतं, एका व्यक्तीला जास्तीत जास्त ९९,९९९ डॉलर. पण मंजुरीच्या आधी केलेला खर्च त्यात धरत नाहीत. घाईने फ्रिज घेतला की तो गेला स्वतःच्या खिशातून. स्वतःचे काही पैसेही घालावे लागतात, त्यामुळे बाजाराच्या गल्ल्याचा हिशेब वहीत नीट हवा. बायकांसाठी छोट्या कर्जाची वेगळी योजना आहे, तेही शुक्रवारी विचारायला सांगा. फाइलला सही केलेली लीज लागतेच असं नाही. नानांनी सशर्त ऑफर द्यावी: भाडं इतकं, मुदत इतकी, कर्ज मंजूर झालं तरच लागू, नाहीतर दोघंही मोकळे.
आणि त्या मेटी (मूळचे लोक आणि युरोपियन यांच्या मिश्र वंशातल्या) असतील तर दार वेगळं, स्मेडको या मेटींच्या कर्जसंस्थेचं. पण क्री म्हणालात ना?

बेबीताई
क्रीच. शैला, तू आधी का नाही बोललीस गं!

शैलावहिनी
मला कुणी विचारलं? ढोलांच्या मेलमध्ये माझं उत्तरही अजून कुणी वाचलेलं नाही.

नाना
ठीक आहे. पण गाळा ३० दिवसच धरीन. तोवर गिऱ्हाईक आलं तर आधी बाईंना विचारीन. ग्रीस ट्रॅप दर महिन्याला उपसायचा, हे ऑफरमध्येच लिहा. ओव्हनच्या पत्राचं माझ्या वकिलाला विचारतो. तो प्रत्येक फोनचे पैसे लावतो, ते कोण देणार?

अण्णा
तुमचे तुम्हीच द्या नाना, गाळा तुमचा आहे.

नाना
बरं. गुरुवारी सहाला गाळ्यावर या. टेप मी आणतो. बाईंना मागच्या दाराने बोलवा, पुढचं कुलूप गोठलंय.