हकने पत्र फाडलं खरं, पण पुढे काय केलं?

कातरवेळ (धागाकर्ता):
मार्क ट्वेनच्या 'हकलबेरी फिन'चं ३१वं प्रकरण निघालं की सगळे गहिवरतात. हक हा घरातून पळालेला पोरगा, जिम हा मिस वॉटसनचा पळालेला गुलाम; दोघं तराफ्यावरून नदीने निघालेले. भामट्या 'राजा'ने त्याला ४० डॉलरला परस्पर विकलंय. हक मालकिणीला जिमचा पत्ता कळवणारं पत्र लिहितो आणि त्याला एकदम हलकं वाटतं, पाप धुतल्यासारखं. मग तराफ्यावरचा जिम आठवतो: स्वतःचा पहारा संपला तरी हकला न उठवता त्याचाही पहारा देणारा. 'ठीक, जातो मग नरकात' म्हणत पत्र फाडतो.

हा निर्णय पुढे चार प्रकरणंही टिकत नाही. हकचा मित्र टॉम सॉयर उगवतो आणि सुटकेचा पोरखेळ होतो. जिमला कोंडलेल्या खोपटात उंदीर, कोळी, साप सोडायचे, धारेच्या दगडावर मजकूर कोरायचा. तो दगड दोघांना हलेना, तेव्हा जिम पलंगाच्या पायातून साखळी काढून बाहेर येतो, दगड लोटू लागतो आणि परत जाऊन कैदी होतो! नरकात जायची तयारी आहे, पण टॉमला 'पुरे' म्हणवत नाही?

बोरूबहाद्दर:
अहो, तेरा-चौदा वर्षांचं पोर ते! बाप दारुडा, मारकुटा. गुलाम पळवणं ही चोरी, हे त्याच्या अंगात मुरलेलं. गुलामगिरी चूक आहे असं त्याला वाटतच नाही. चुकतोय तो आपण, हीच त्याची समजूत. तरी करतो. आपण बरोबर आहोत या खात्रीने धाडस करणारे पुष्कळ असतात.

कातरवेळ:
मान्य, जिमवर माया आहे. पण शेवटी कळतं की मिस वॉटसन दोन महिन्यांपूर्वीच वारली, मृत्युपत्रात जिमला मोकळं करून गेली, आणि टॉमला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. हक चिडतो का? छे! चांगल्या घरचा टॉम असल्या कामात कसा पडला, हे कोडं सुटलं म्हणून उलट त्याला हायसं वाटतं.

खडूस मावशी:
अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वेने १९३५मध्ये लिहून ठेवलंय, जिमला पोरांपासून चोरून नेतात तिथे थांबा, पुढची फसवणूक आहे. मला नाही पटत. गोष्ट गुलामगिरीच्या काळातली, पण लिहिली ती संपल्यावर. यादवी युद्धानंतर अमेरिकेच्या दक्षिणेत ठेवलेलं केंद्राचं सैन्य १८७७मध्ये मागे घेतलं आणि मोकळ्या झालेल्या काळ्यांभोवती पुन्हा फास आवळला गेला. अमेरिकेत पुस्तक आलं १८८५ला. कायद्याने सुटलेला माणूस साखळीत, आणि गोरी पोरं त्याच्या सुटकेचं नाटक करताहेत. हा ट्वेनचा टोमणाच वाटतो मला.

चहाबाज:
टोमणा असेल, पण किती ताणावा? मला झोप आली.

ओलीसुकी:
सगळे हकवरच का अडलात? जिमचं बघा. लहानग्या लेकीला तो दार लावायला सांगतो, ती नुसती हसत उभी, म्हणून तो तिला मारतो. मग वाऱ्याने तिच्यामागे दार धाडकन आपटतं आणि पोर जागची हलत नाही. आजारात बहिरी झालेली. तराफ्यावर हे सांगताना तो स्वतःला माफ करत नाही. हाच माणूस पुढे टॉमच्या पायात गोळी शिरल्यावर डॉक्टर आणल्याशिवाय पळायचं नाकारतो आणि पकडला जातो. खरा निर्णय तो! आणि टॉम त्याला बक्षीस किती देतो? ४० डॉलर. राजाने विकला तेवढेच.

कातरवेळ:
आणि जिम ते घेऊन हरखून जातो, तेही लिहा की. एवढं होऊन ट्वेनने त्याला साधं रागावूसुद्धा दिलं नाही. हकचं वय तरी लहान होतं!